भरवणारे इतके, आई-बाबा दोघेच

ठाण्याच्या येऊर जंगलाच्या फाटकातून आत शिरलं की थोड्याच वेळात शहराचा आवाज मागे पडतो. जूनचा पहिला आठवडा होता, पाऊस अजून आलेला नव्हता. माझी दहा वर्षांची भाची आणि मी पाटोणापाड्याच्या वाटेवर एका आंब्याखाली पाऊण तास उभ्या होतो. वर दाट पानांच्या आड सातभाईंचं घरटं होतं. घरटं नीट दिसत नव्हतं. दिसत होते ते ये-जा करणारे पक्षी: मातकट अंगाचे, फिकट डोळ्यांचे, अखंड कलकलाट करणारे. एक आत जाई, चोचीतली अळी देऊन बाहेर येई, की लगेच दुसरा. एकदा तर चौघं एकदमच फांदीवर आले. चौघांच्याही चोचीत काही ना काही होतं, आणि पाळी येईपर्यंत ते शेजारी शेजारी बसून राहिले. भाचीने बोटांवर मोजलं आणि विचारलं, "आत्या, हे सगळे त्याचे आई-बाबा आहेत?"

नाहीत. आई-बाबा दोघेच असतात. बाकीचे अंडी घालत नाहीत, पण पिल्लांना भरवतात, घरट्याजवळ साप किंवा शिक्रा आला की एकत्र ओरडून त्याला हुसकावतात, रात्री सगळे एकमेकांना खेटून झोपतात. अशा पक्ष्यांना शास्त्रज्ञ घरट्यावरचे मदतनीस म्हणतात. मी तिला एवढं सांगितलं आणि तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला: "मग त्यांना काय मिळतं?"

उत्क्रांतीच्या अभ्यासात या प्रश्नाने भल्याभल्यांना अडवून ठेवलं आहे. नैसर्गिक निवडीचा हिशेब सरळ आहे. ज्याची पिल्लं जास्त जगतात, त्याचे गुण पुढच्या पिढीत जास्त उतरतात. मग स्वतःची पिल्लं न घालता दुसऱ्याची पिल्लं वाढवणाऱ्याचा गुण पुढे जाणार कसा? 1859 मध्ये आपला सिद्धांत मांडताना डार्विनने वांझ कामकरी मुंग्यांचा प्रश्न स्वतःहून उपस्थित केला होता. ही अडचण आपल्या सगळ्या सिद्धांताचा जीव घेईल असं सुरुवातीला वाटलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे त्याने उत्तराची दिशाही दाखवली: निवड एकट्या जीवाची होते तशी कुटुंबाचीही होऊ शकते. पण त्यामागचं गणित त्याच्या हाताशी नव्हतं, कारण आनुवंशिकता चालते कशी हेच तेव्हा कुणाला नीट ठाऊक नव्हतं.

एक सोपं उत्तर मात्र लोकांना फार आवडलं आणि ते अजूनही माहितीपटांत ऐकू येतं: प्राणी आपल्या जातीच्या भल्यासाठी झटतात. 1962 मध्ये विन-एडवर्ड्स या प्राणिशास्त्रज्ञाने हा विचार मोठ्या तपशिलाने मांडला आणि चारच वर्षांनी जॉर्ज विल्यम्स यांनी त्यातली भोकं दाखवून दिली. भोक कुठे आहे ते समजायला येऊरचाच आंबा पुरे. समजा, एका थव्यातले सगळे सातभाई जातीच्या भल्यासाठी एकमेकांच्या पिल्लांना भरवतात. त्यात एक ऐतखाऊ जन्मला. तो पकडलेली अळी स्वतःच खातो, पण त्याच्या पिल्लांना बाकीचे भरवतच राहतात. त्याची ताकद वाचते, त्याची पिल्लं जास्त होतात, आणि त्यांच्यातही तो स्वभाव थोडाफार उतरतो. काही पिढ्यांत थवा ऐतखाऊंनी भरून जाईल. थव्याचं नुकसान होतंय म्हणून ते थांबणार नाहीत, कारण निवडीला पुढचं दिसत नाही. म्हणून निसर्गात सहकार दिसला की मला आधी एकच गोष्ट शोधावीशी वाटते: इथे ऐतखाऊंचा बंदोबस्त कोण करतंय?

पहिला मोठा बंदोबस्त नात्याचा आहे. जे. बी. एस. हाल्डेन हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ 1957 मध्ये भारतात आले, आधी कोलकात्यात राहिले आणि मग भुवनेश्वरला. त्यांची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. भावासाठी जीव द्याल का, असं कुणीतरी विचारल्यावर ते म्हणाले, एका भावासाठी नाही, पण दोन सख्ख्या किंवा आठ चुलत भावांसाठी देईन. त्या थट्टेत पुढच्या सिद्धांताचं बी होतं. हाल्डेन 1964 च्या डिसेंबरमध्ये भुवनेश्वरला वारले. त्याच वर्षी विल्यम हॅमिल्टन या तरुण जीवशास्त्रज्ञाने या विचाराला पूर्ण गणिती रूप दिलं.

गणित आपल्या भाषेत मांडायला तसं सोपं आहे, कारण नात्यांना आपल्याकडे नेमके शब्द आहेत. सख्ख्या भावंडांत एखाद्या जनुकाची वारशाने आलेली तीच प्रत असण्याची शक्यता निम्मी असते. आत्या आणि भाचीमध्ये पाव. चुलत, आते, मामे, मावस हे चार वेगळे शब्द आपण वापरतो, लग्नकार्यात त्यांचे मानही वेगळे असतात, पण जनुकांच्या हिशेबात चौघंही एकाच मापाची: एक अष्टमांश. हॅमिल्टन यांचं म्हणणं असं, की मदत करणाऱ्याचा तोटा एकीकडे ठेवा. मदत घेणाऱ्याचा फायदा नात्याच्या मापाने गुणा आणि दुसरीकडे ठेवा. दुसरं पारडं जड असेल तर मदतीचा गुण पिढ्यांमधून पसरेल. हा हिशेब पक्ष्याने करायचा नसतो, तो निवड करते. नातेवाइकाला दिलेला घास त्याच जनुकाच्या दुसऱ्या प्रतीपर्यंत पोचतो, म्हणून घास देण्याची सवय टिकते.

सातभाईंच्या थव्यात साधारण सहा ते दहा पक्षी असतात आणि त्यातले बरेचसे एकमेकांचे नातेवाईक असतात. तरुण माद्या मोठ्या झाल्या की बहुधा दुसरा थवा गाठतात, नर मागे राहतात. त्यामुळे त्या आंब्यावरच्या मदतनिसांत मोठी भावंडं आणि काका जास्त असणार, आत्या कमी. भाचीला हे थोडं खटकलं. तिच्या मते खाऊ आणायचं काम आत्याचंच.

पण थव्यात दुसरीकडून आलेले पक्षीही असतात आणि तेही राबतात. शिवाय सातभाईंतला एक जण उंच फांदीवर बसून पहारा करतो आणि बाकीचे खाली पाला उलथत खातात. हा पहारा म्हणजे त्यागाचं उदाहरण वाटतं. इस्राएलच्या वाळवंटातल्या सातभाईंच्या भावबंदांवर आमोट्झ झाहावी यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांचं मत उलटं होतं: हे पक्षी मदत करण्यासाठी चढाओढ करतात, कारण मदत करणं ही ताकदीची जाहिरात आहे. नंतर त्याच जातीवर झालेल्या प्रयोगांत एक साधी गोष्ट दिसली. ज्या पक्ष्यांना वरून जास्त अळ्या खायला दिल्या, ते जास्त वेळ पहाऱ्याला बसले. पोट भरलं असेल तर उंचावर बसून बघण्यात तोटा फारसा नाही आणि ससाणा आधी दिसला तर जीव स्वतःचाही वाचतो. मला हे उत्तर झाहावींच्या उत्तरापेक्षा जास्त पटतं. त्यागाची भव्य कथा ऐकली की आधी तोटा खरंच किती आहे ते मोजून पाहावं.

तोटा मोजायची ही सवय ठाणे खाडीवरही उपयोगी पडते. हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूला हजारो रोहित पक्षी चिखलात उभे असतात. खाडीचा हा भाग 2015 पासून रोहित अभयारण्य आहे आणि 2022 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. थवा इतका दाट असतो की तो एकजुटीचं चित्र वाटतो. पण हॅमिल्टन यांनीच 1971 मध्ये दाखवलं, की शिकाऱ्याच्या भीतीने प्रत्येक जण नुसता स्वतःपुरता दुसऱ्याच्या आड लपू लागला तरी असाच दाट घोळका तयार होतो. कडेवरचा मधे घुसतो, म्हणून दुसरा कडेला येतो. तिथे कुणी कुणासाठी काही सोसत नसतं.

सोसणं खरोखर बघायचं तर पुन्हा येऊरच्या झाडांकडे यावं लागतं. आंब्याची, जांभळाची हिरवी पानं एकत्र शिवून केलेले चेंडूसारखे गोळे तुम्ही पाहिले असतील. कोकणात ज्यांना हुमले म्हणतात, त्या तांबड्या मुंग्यांची ही घरं. चावल्या की आग होते, म्हणून झाडावर चढणारी मुलं त्यांना चांगली ओळखतात. दोन पानांमधलं अंतर जास्त असेल तर एक मुंगी दुसरीची कंबर धरते, तिची तिसरी, आणि अशी साखळी करून पान ओढून आणतात. मग काही कामकरी मुंग्या आपल्या वसाहतीतली अळी जबड्यात धरून येतात आणि या पानाला टेकव, त्या पानाला टेकव असं करत धोटा फिरवावा तशी तिला फिरवतात. अळीच्या तोंडातून रेशीम निघतं आणि पानं शिवली जातात. हे रेशीम खरं तर अळीने स्वतःच्या कोशासाठी वापरायचं. या मुंग्यांच्या अळ्या कोश विणतच नाहीत. सगळं रेशीम घराला जातं आणि त्या उघड्याच वाढतात.

आणि लढाईला कोण जातं? प्रदेशाच्या सीमेवरच्या घरांत म्हाताऱ्या कामकरी मुंग्या राहतात. शेजारच्या वसाहतीशी भांडण लागलं की पहिल्या त्याच पुढे होतात. तरुण मुंग्या आत, अळ्यांजवळ. माणसं नेमकी उलट करतात, तरुण पोरांना सीमेवर पाठवतात. मुंग्यांच्या बाजूने हिशेब स्पष्ट आहे: जिचे दिवस थोडे उरलेत तिच्या मरण्याने वसाहतीचा तोटा सगळ्यात कमी. हॅमिल्टन यांच्या सूत्रातला तोटा इतक्या उघडपणे बघायला मिळणं मला विलक्षण वाटतं.

इथवर आलं की वाटतं, नात्याने सगळं सुटलं. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांच्यात नर अफलित अंड्यातून जन्मतो, त्याच्याकडे जनुकांचा एकच संच असतो, त्यामुळे बापाची सगळी जनुकं प्रत्येक मुलीला मिळतात आणि एकाच बापाच्या सख्ख्या बहिणी एकमेकींच्या तीन चतुर्थांश सारख्या असतात. पोटच्या मुलीपेक्षा बहीण जवळची. म्हणून या कीटकांत कामकरी बहिणी जन्मतात, असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. पण वाळवीत असं काही नसतं, तिच्यात नर-मादी आपल्यासारखेच असतात, तरी वारूळ उभं राहतं. आणि मधमाशीची राणी एका नराशी नाही, अनेक नरांशी मीलन करते. म्हणजे पोळ्यातल्या बहुतेक बहिणी सावत्र.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीच्या बाराव्या मजल्याच्या सज्जाखाली दर वर्षी आग्या मोहोळ लागतं. खालून पाहिलं तर काळसर पडदा लटकल्यासारखा दिसतो आणि मधूनच त्याच्यावरून एक लाट सरकते. गांधीलमाशी जवळ आली की हजारो माश्या पोट वर उचलून ती लाट काढतात आणि शिकारी बिचकून मागे फिरते. इमारतीत दर वर्षी ते जाळायचं की ठेवायचं यावर बैठक होते. मी दर वर्षी ठेवायच्या बाजूने बोलते. आग्या माश्या स्थलांतर करतात, ऋतू बदलला की स्वतःहून जातात आणि पुन्हा त्याच जागी येतात. त्या बैठकीत मी एकदा पोळ्याच्या आतलं राजकारण सांगितलं होतं, आणि लोकांनी ते मन लावून ऐकलं.

ते राजकारण असं. कामकरी माशीला मीलन करता येत नाही, पण अफलित अंडं घालता येतं, आणि त्यातून नर जन्मतो. म्हणजे प्रत्येक कामकरीला स्वतःचा मुलगा वाढवण्याचा मोह असतोच. युरोपीय मधमाशीवर रॅटनिक्स आणि विशर यांनी 1989 मध्ये प्रयोग केले. पोळ्यात कामकरींची आणि राणीची अशी दोन्ही अंडी ठेवली. एका दिवसात कामकरींची जवळजवळ सगळी अंडी बाकीच्या कामकरींनीच खाऊन टाकली होती, राणीची बरीचशी शाबूत. कारण नात्यात आहे. राणीचा मुलगा म्हणजे माझा भाऊ. दुसऱ्या कामकरीचा मुलगा म्हणजे बहुतेक वेळा माझ्या सावत्र बहिणीचा मुलगा, लांबचा भाचा. भावापुढे तो हरतो. प्रत्येकीला स्वतःचा मुलगा हवा असतो, पण दुसरीचा नको असतो. सगळ्याच एकमेकींवर नजर ठेवतात आणि शेवटी कुणीच फारसं अंडं घालत नाही.

2006 मध्ये वेन्सेलीर्स आणि रॅटनिक्स यांनी गांधीलमाश्यांच्या नऊ जाती आणि मधमाशी यांची तुलना केली. ज्या जातींत हा पहारा कडक होता, तिथे अंडी घालायला धजणाऱ्या कामकरी कमी होत्या. आणि गंमत अशी, की जिथे बहिणींचं नातं जास्त जवळचं होतं, तिथे पहारा ढिला होता आणि अंडी घालणाऱ्या कामकरी उलट जास्त होत्या. आज पोळ्यात जी निष्ठा दिसते ती रक्ताच्या जवळिकीपेक्षा बंदोबस्तातून आलेली आहे. नात्याचं महत्त्व त्याने संपत नाही. मुंग्या-माश्यांच्या वंशवृक्षाचा अभ्यास सांगतो, की जिथे असं समाजजीवन पहिल्यांदा उगवलं, तिथे राणी एकाच नराशी जोडी करत होती. सख्ख्या बहिणींच्या घरात सहकाराची सुरुवात झाली, आणि घर मोठं झाल्यावर, सावत्र बहिणी आल्यावर, पहारा लागला.

एक भारतीय संशोधन मला इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा नावाच्या गांधीलमाशीवर कित्येक दशकं काम केलं. खिडकीच्या कोपऱ्यात कागदासारखं छोटं पोळं लटकतं आणि आपण झाडूने पाडून टाकतो, तसलं पोळं करणारी ही जात. हिची राणी अगदी शांत असते. इतर अशा गांधीलमाश्यांत राणी दादागिरी करते, ही कुणाला हात लावत नाही, पोळ्यावर गंधाची खूण ठेवते आणि तेवढ्यावर तिचं राज्य चालतं. राणीला काढून घेतलं की थोड्याच वेळात एक कामकरी एकदम आक्रमक होते, बाकीच्या तिला मान देतात, आणि साधारण आठवड्याभरात ती अंडी घालू लागते. मग तीही शांत.

इथे कामकरी वांझ नाहीत. त्या वेगळं पोळं बांधून स्वतःची राणी होऊ शकतात, काही जणी तसं करतातही. बहिणींचं नातंही फार जवळचं नसतं. मग बाकीच्या का राहतात? गदगकर यांनी 1990 मध्ये एक विचार मांडला. एकटीने पोळं बांधलं आणि अळी वाढायच्या आतच ती माशी मेली, तर सगळी मेहनत फुकट. अळीला वाढायला आठवडे लागतात, गांधीलमाशीचं आयुष्य बेभरवशाचं. पण गटात राहून काम केलं आणि मधेच मेली, तर तिने अर्धवट वाढवलेल्या अळ्या दुसऱ्या पुऱ्या वाढवतात. जितके दिवस काम केलं तितक्याचं फळ पदरात पडतं. एकटीला मात्र सगळं किंवा काहीच नाही. नात्याचं माप तेच ठेवून नुसत्या या खात्रीमुळे पारडं फिरू शकतं. हॅमिल्टन यांच्या सूत्रात लोक नात्याकडेच बघत बसले आणि फायदा-तोट्याच्या रकान्यांकडे दुर्लक्ष झालं, हा गदगकरांचा आग्रह मला योग्य वाटतो.

नातं अजिबात नसताना काय? तिथे देवाणघेवाण येते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1971 मध्ये तिचा सिद्धांत मांडला, आणि 1984 मध्ये जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकामधल्या रक्तपिपासू वटवाघळांचं उदाहरण दिलं. या वटवाघळाला दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर ते मरतं, आणि पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला रक्त ओकून भरवतं. अनोळखी वटवाघळं एकत्र ठेवली तर ती लगेच भरवत नाहीत. आधी एकमेकांचं अंग चाटून साफ करतात, त्यात खर्च कमी. भरवसा बसला की मग रक्त. संगणकावरच्या स्पर्धांत रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी 1980 च्या सुमारास वेगवेगळे डावपेच लढवले, तेव्हा सगळ्यात छोटा डाव जिंकला: आधी सहकार कर, मग समोरचा वागला तसं वाग. आपल्याकडे याला जशास तसं म्हणतात. त्याची खोट अशी, की एखाद्याकडून चुकून वाईट वागलं गेलं तर सूड संपतच नाही, आणि म्हणून अधूनमधून एखादी चूक सोडून देणारा डाव पुढच्या अभ्यासांत त्याच्यापेक्षा सरस ठरला.

दोन वेगळ्या जातींत तर ना नातं, ना ओळख. तरी उंबर आणि त्याची चिमुकली गांधीलमाशी कोट्यवधी वर्षं एकमेकांवर जगतात. फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण "उंबराचं फूल झालास" म्हणतो, कारण उंबराची फुलं दिसत नाहीत. ती फळाच्या आत असतात. पराग घेऊन आलेली मादी फळाच्या तोंडाच्या अरुंद भोकातून आत घुसते, त्यात तिचे पंख तुटतात, आत ती फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. उंबर फोडल्यावर जे किडे निघतात ती तिचीच मुलं. आता एखादी माशी पराग न आणता नुसती अंडी घालून गेली तर? पनामामधल्या उंबराच्या भाऊबंद झाडांवर यांडेर आणि हेर यांनी 2010 मध्ये हेच करून पाहिलं. परागाशिवायच्या माश्या आत सोडल्या. ज्या जातींच्या माश्या मुद्दाम पराग गोळा करून आणतात, त्यांच्या झाडांनी अशी परागहीन फळं बरीच गाळून टाकली, किंवा त्यांच्यात माशीची मुलं कमी निघाली. आणि जिथे झाडाची शिक्षा कडक, तिथे निसर्गात फसव्या माश्या कमी सापडल्या. झाडाला मेंदू नाही. फळ धरायचं की गाळायचं हा त्याचा जुनाच व्यवहार आहे, त्यातूनच न्याय होतो.

हे जितकं वाचावं तितकं आपल्या शरीराकडे बघण्याची दृष्टी बदलते. अब्जावधी पेशी वाढणं थांबवतात, आपली जागा सोडत नाहीत, बिघडल्या तर स्वतःहून मरतात, आणि पुढच्या पिढीत जायची संधी फक्त बीजपेशींना मिळते. सगळ्या एकाच फलित अंड्यातून आलेल्या, म्हणजे नातं पूर्ण. तरी एखादी पेशी ऐतखाऊ निघते, नियम सोडून वाढत सुटते, आणि त्याला आपण कर्करोग म्हणतो. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत जे संशोधन चालतं, ते एका अर्थाने याच बंदोबस्ताचं. पेशींमध्ये पी-53 नावाचं प्रथिन पहारा देतं. पेशीच्या जनुकांत फार बिघाड दिसला तर तिला थांबवतं किंवा मरायला लावतं. हत्तीच्या शरीरात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी, आयुष्यही लांब, पण कर्करोग कमी. 2015 मध्ये कळलं, की आपल्यात या पहारेकऱ्याचं जनुक एक, तर हत्तीत त्याच्या साधारण वीस प्रती आहेत. त्यातल्या बऱ्याच प्रती अपुऱ्या आहेत, आणि हत्तीचं रहस्य एवढ्यानेच सुटतं असं नाही, पण मोठ्या शरीराला मोठा पहारा लागतो हे पटतं.

माणसांच्या समाजाबद्दल लिहायला गेलं तर दुसरा लेख होईल. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं नाव मात्र घ्यायलाच हवं. कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारीची जागा अशा सामाईक गोष्टी गावांनी शतकानुशतकं कशा टिकवल्या याचा त्यांनी जगभर अभ्यास केला आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या ठिकाणी त्यांना जे सापडलं त्यात दोन गोष्टी ठळक होत्या: लोक एकमेकांवर स्वतः लक्ष ठेवत होते, आणि नियम मोडणाऱ्याला आधी हलकी, मग वाढत जाणारी शिक्षा होती. मधमाश्यांवरचे प्रयोग वाचून त्यांच्याकडे वळलं की ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटतं.

जुलै लागता लागता आम्ही दोघी पुन्हा त्या आंब्याखाली गेलो. दोन पाऊस होऊन गेले होते आणि झाडांमधून पावशा सारखा ओरडत होता. पेरते व्हा, पेरते व्हा. शेतकऱ्याच्या फार जिव्हाळ्याचा पक्षी. घरटं रिकामं होतं. थोड्या पुढे एका साध्या फांदीवर एक पिल्लू बसलं होतं, छातीवर तपकिरी फरकाटे, शेपटीला पट्टे, आणि बाजूला बसलेल्या सातभाईपेक्षा अंगाने मोठं. ते तोंड वासून किंचाळत होतं. सातभाई आला, अळी त्याच्या लालसर तोंडात खोल घातली आणि गेला. मग दुसरा आला.

ते पावशाचं पिल्लू होतं. पावशा स्वतः घरटं करत नाही. सातभाईच्या घरट्यात अंडं घालतो, आणि दोघांचीही अंडी निळी असतात. सातभाई घरट्यातलं अंडं आपलंच धरून चालतात आणि उघड्या तोंडात घास घालतात. बहुतेक वेळा ते तोंड नात्यातलंच असतं, म्हणून ही सवय इतकी वर्षं टिकली आणि याच सवयीवर पावशा जगतो. दुसऱ्याचं अंडं ओळखून बाहेर टाकणारे पक्षी जगात आहेत, पण त्यांच्याही हातून कधी स्वतःचंच अंडं टाकलं जातं. फसवणूक किती वेळा होते यावर कुठली चूक महाग पडते ते ठरतं.

भाची बराच वेळ दुर्बिणीतून बघत होती. मग म्हणाली, "आत्या, म्हणजे हा भरवतोय तो त्याचा काकासुद्धा नाही."

नाही, मी म्हटलं. तोवर तिसरा सातभाई चोचीत नाकतोडा घेऊन आला होता.